दुर्बीण नंतर, नाक आधी

नाकाचा पडदा वाकडा निघाला की हल्ली एक सल्ला ठरलेला असतो : ‘ऑपरेशन करायचंच असेल तर दुर्बिणीने करून घ्या, जुन्या पद्धतीच्या वाटेला जाऊ नका.’ चंडीगड, मोहाली आणि पंचकुला या त्रिनगरीत हा सल्ला इतका रुळला आहे की त्रास काय होतो हे सांगण्याआधी रुग्ण तंत्राचं नाव घेतो. पुण्या-मुंबईतही वेगळं चित्र नाही. तरी चंडीगडचा विचार आधी करावा, कारण तिथे पडताळणीची सोय मोठी आहे. सेक्टर १२ मधली पीजीआय ही वैद्यकीय संस्था, सेक्टर ३२ मधलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि सेक्टर १६ मधलं सरकारी रुग्णालय ही तिन्ही एकाच शहरात आहेत. पंजाब, हरियाणा आणि हिमाचलचे रुग्ण तिथे येतात, आणि एका डॉक्टरचं मत दुसऱ्याकडून तपासून घेणं त्यांना अवघड नाही. पण तपासायचं काय, हेच चुकलं तर सोय असून उपयोग नाही. ‘कोणतं तंत्र चांगलं?’ हा प्रश्न माझ्या मते चुकीचा आहे, आणि ‘दुर्बिणीचं’ हे त्याचं ठरीव उत्तर अर्धवट आहे.

दुर्बिणीच्या बाजूचा युक्तिवाद आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. नाक अरुंद आणि अंधारं. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, नाकपुडी फाकवून काम करणाऱ्या सर्जनला पुढचा भाग स्वच्छ दिसतो. मागे जावं तसा अंदाज वाढत जातो. चार मिलिमीटरची एंडोस्कोप आत गेली की मागचा भागही मोठा आणि उजळ दिसतो. अस्तर फाटण्याचा धोका घटतो. पडद्याला एकाच जागी हाडाचा काटा असेल तर नेमका त्याच्यावर छोटा छेद घेऊन तेवढाच काढता येतो. सायनसची शस्त्रक्रिया त्याच बैठकीत उरकते. १९९१ मध्ये अमेरिकेत लँझा आणि केनेडी यांनी, तर ऑस्ट्रियात श्टामबेर्गर यांनी हे तंत्र पडद्यासाठी मांडलं. आपल्याकडे मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर भारतात दोन तंत्रांची तुलना करणारे निबंध सतत येत राहिले, आणि त्यांतले बरेचसे दुर्बिणीच्या बाजूने झुकतात.

यातलं एकही विधान मी नाकारत नाही. त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, की म्हणून प्रत्येक वाकड्या पडद्याला दुर्बीणच हवी, तो मला मान्य नाही.

पहिली गडबड ‘जुनी पद्धत’ म्हणताना होते. त्या नावाखाली दोन निरनिराळ्या शस्त्रक्रिया एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. पहिली सबम्युकस रिसेक्शन, डॉक्टरांच्या बोलण्यातली एसएमआर. शिकागोचे ऑटो फ्रीअर यांनी १९०२ मध्ये आणि फ्रायबुर्गचे गुस्ताव किलियान यांनी १९०४ मध्ये ती मांडली. पडद्यावरचं अस्तर सोडवायचं, मधली वाकडी कूर्चा आणि हाड काढून टाकायचं, आणि नाकाला आधार म्हणून वरच्या व पुढच्या कडेला साधारण एक सेंटिमीटरची पट्टी राखायची, अशी तिची रीत. त्याआधी करवतीने काटा कापणं, अस्तरासकट पडदा छाटणं असले प्रकार चालत. त्यांच्यापुढे ही मोठी सुधारणा होती. पण कूर्चा हात सैल सोडून काढली गेली की नाकाचा कणा मधोमध खचायचा, दोन नाकपुड्यांमधला खांब आत ओढला जायचा, दोन्ही बाजूंचं अस्तर समोरासमोर फाटलं तर पडद्याला भोक पडायचं. शिवाय बाक पुढच्या पट्टीतच असेल तर ती काढता येत नाही आणि ठेवली तर नाक उघडत नाही, हा पेच सुटत नव्हताच.

दुसरी शस्त्रक्रिया सेप्टोप्लास्टी. १९२९ मध्ये मेट्झनबाउम यांनी पडद्याची पुढची कड न कापता सोडवून पुन्हा मध्यावर आणण्याची कल्पना मांडली. पुढे मॉरिस कॉटल यांनी पडद्याच्या शस्त्रक्रियेची दिशाच बदलली. १९५८ च्या त्यांच्या निबंधात तिचा तपशील आहे. अस्तर शक्यतो एकाच बाजूने उचलायचं, कूर्चा जिथे जखडली आहे तिथून मोकळी करायची, सरळ बसवायची, आणि जे बसतच नाही तेवढंच काढायचं. ‘काढा’ऐवजी ‘राखा आणि सरळ करा’ हा बदल इथे झाला, आणि तो दुर्बीण पडद्यापर्यंत पोचण्याच्या कितीतरी वर्षं आधी झाला. तेव्हा नाक बसण्याची, भोक पडण्याची भीती दाखवताना एसएमआरचे दोष मोजायचे आणि ते आजच्या उघड्या डोळ्यांनी केलेल्या सेप्टोप्लास्टीच्या खात्यावर टाकायचे, ही तुलना सरळ नाही. नाक खचतं ते आधाराची पट्टी कमी राखल्यामुळे. ती किती राखायची हे सर्जनचा विचार ठरवतो. दुर्बिणीतून पाहतानाही ती कमी राखता येतेच.

दुसरा मुद्दा जागेचा, आणि माझ्या मते वादाचं मूळ इथे आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हवेला सर्वांत जास्त अडथळा नाकाच्या पुढच्या भागात होतो. नाकपुडीच्या थोडं आत, पडदा आणि वरच्या बाजूची कूर्चा यांच्यामध्ये दहा-पंधरा अंशांचा एक अरुंद कोन असतो. त्याला नाकाची झडप म्हणतात. संपूर्ण श्वसनमार्गाच्या एकूण अडथळ्यातला निम्म्याच्या आसपास वाटा नाकाचा, आणि नाकातला बराचसा या झडपेचा. म्हणून पडदा पुढे दोन मिलिमीटर वाकला तरी माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेतो, आणि मागे बऱ्यापैकी मोठा काटा असूनही पुष्कळांना त्याचा पत्ता नसतो. दुसऱ्याच कारणाने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये तो सापडतो. आता दुर्बिणीचं बळ कुठे आहे ते पाहा : मागच्या भागात, काट्यापाशी, खोल. पुढची कड तर नाकपुडी उचलली की उघड्या डोळ्यांना दिसते; तिथे दुर्बीण हातांच्या आड येते. दार उंबरठ्याशी अडलेलं असताना कंदील माजघरात नेण्याचा हा प्रकार आहे. जिथे तक्रार सर्वांत जास्त, तिथे दुर्बिणीचा उपयोग सर्वांत कमी. ही गोष्ट जाहिरातीत येत नाही.

पुढची कड वाकलेली असेल तर खरं कौशल्य लागतं ते ती तळाच्या हाडावरून सोडवून मध्यावर आणण्यात आणि टाक्याने तिथे पक्की करण्यात. पडदा फारच वेडावाकडा, तुटून जुळलेला असेल तर तो पूर्ण बाहेर काढून टेबलावर सरळ करून परत बसवण्याची रीतही आहे. किंग आणि ॲशली यांनी ती १९५२ मध्ये सांगितली, आणि श्टुटगार्टचे वोल्फगांग गुबिश यांनी अनेक वर्षं करून ती घडवली. अशा नाकाला दुर्बिणीचा आग्रह धरणं म्हणजे सोपा भाग चांगला करून अवघड भाग तसाच ठेवणं.

‘मग तुलनात्मक अभ्यासांचं काय?’ असा प्रतिप्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. हे अभ्यास कसे बेतलेले असतात ते पाहावं. रुग्णांची संख्या सहसा लहान. पाठपुरावा काही आठवड्यांचा किंवा काही महिन्यांचा. पण कूर्चेचा स्वभाव असा की तिच्या आतला ताण पूर्ण मोकळा झाला नसेल तर ती सावकाश जुन्या बाकाकडे वळते, आणि ते कळायला वेळ लागतो. कोणत्या रुग्णावर कोणतं तंत्र वापरलं हे तपासणाऱ्याला अनेकदा ठाऊक असतं. पुढच्या कडेचे रुग्ण काही अभ्यासांत वगळलेले असतात, म्हणजे दुर्बिणीला अडचणीचं मैदान आधीच बाजूला काढलेलं असतं. यश मोजायची रीत त्याहून बोलकी आहे : शस्त्रक्रियेनंतर एंडोस्कोप घालून पाहायचं की मागे काटा उरला का. ज्या साधनाने मागचा काटा दिसतो त्याच साधनाने ऑपरेशन केलं तर मागचा काटा कमी उरणार, हे उघड आहे. त्यावरून माणूस किती मोकळा श्वास घेतो ते कळत नाही. ते मोजायला ‘नोज’ नावाची साधी प्रश्नावली २००४ पासून उपलब्ध आहे. पाच प्रश्न, शंभरपैकी गुण, रुग्णाने स्वतः भरायचे. तिचे शस्त्रक्रियेआधीचे आणि वर्षानंतरचे आकडे, तेही बाकाच्या जागेनुसार वेगळे करून, ज्या निबंधात नाहीत, त्याच्या आधारावर एखादं तंत्र बाद ठरवणं घाईचं आहे.

जाहिरातींतले उरलेले दावे तर याहून पोकळ आहेत. ‘चेहऱ्यावर व्रण नाही’ हा दुर्बिणीचा फायदा म्हणून सांगितला जातो; साध्या सेप्टोप्लास्टीतही छेद नाकाच्या आतच असतो, चेहऱ्यावर काही उमटत नाही. ‘लेझरने पडदा सरळ’ हे ऐकायला छान. लेझर टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा फुगीर भाग, आकसवायला किंवा एखादा काटा काढायला वापरतात. पण वाकलेली कूर्चा सोडवून मध्यावर आणून बसवण्याचं रोजचं काम हातालाच करावं लागतं. ‘वेदनारहित’ या दाव्यात तर गंमत आहे. पडद्याच्या ऑपरेशनची जी आठवण लोक वर्षानुवर्षं सांगतात ती छेदाची नसते. दोन्ही नाकपुड्यांत ठासलेल्या पॅकची असते, आणि तो ओढून काढतानाच्या क्षणाची असते. अस्तराचे दोन पदर विरघळणाऱ्या टाक्यांनी एकमेकांना शिवून घेतले तर बहुतेक रुग्णांना पॅकची गरज पडत नाही. रक्तस्राव त्याने वाढत नाही आणि वेदना कमी होतात, हे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. हे टाके दुर्बिणीशिवायही घालता येतात, आणि दुर्बिणीने ऑपरेशन करून वर पॅकही ठासता येतो. रुग्णाच्या पहिल्या दोन दिवसांत सर्वांत मोठा फरक पाडणारी गोष्ट माहितीपत्रकात नसते, कारण ती विकत घेतलेल्या यंत्रातून येत नाही.

आता दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्यांकडे वळतो, कारण दुर्बिणीच्या अतिरेकाला विरोध केला की ते आपल्याला त्यांच्यातलाच समजतात. त्यांचे दोन गट आहेत. एक जुन्या हातांचा : खऱ्या सर्जनला दुर्बीण लागत नाही. ही फुशारकी आहे. एकदा ऑपरेशन होऊन गेलेलं नाक, जिथे अस्तर चिकटलेलं असतं. फक्त मागे असलेला काटा. सायनसच्या वाटेत आडवा आलेला पडदा. अशा वेळी दुर्बीण नाकारणं हट्टीपणाचं आहे. आणि शिक्षणाच्या दृष्टीने तर तिला तोड नाही. हेडलाइटच्या उजेडात जे एकट्या सर्जनला दिसतं ते दुर्बिणीमुळे स्क्रीनवर सगळ्यांना दिसतं. पीजीआयसारख्या ठिकाणी, जिथे दरवर्षी नवे निवासी डॉक्टर हे काम शिकतात, तिथे हा फायदा रुग्णांच्या पुढच्या पिढ्यांना मिळतो.

या गटाला भारतीय परंपरेचा दाखला द्यायला आवडतो, म्हणून आपल्या पुण्याचं उदाहरण घेऊ. १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून नवं नाक दिलं. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचा वृत्तान्त आला, आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. ती बाहेरच्या नाकाची होती. पडद्याचा त्यात प्रश्न नव्हता. तरी त्या वृत्तान्तात लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे. वस्तरा चालवण्याआधी त्या माणसाने उरलेल्या नाकावर मेणाचा साचा बसवून पाहिला, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याभोवती रेघ आखली. आधी मोजमाप, मग छेद. परंपरेतून काही घ्यायचं असेल तर ते हे आहे. अंधारात काम करण्याचा अभिमान त्यात कुठेच नाही.

दुसरा गट म्हणतो, पडद्याचं ऑपरेशनच निरर्थक. हाड परत वाढतं. पडद्याचं हाड मोठ्या माणसात असं पुन्हा उगवत नाही. त्रास परत येतो त्याची कारणं वेगळी : बाक पुरता सोडवलेला नसतो, कूर्चा जुन्या वळणाकडे गेलेली असते, झडप मुळातच कमकुवत असते, किंवा ॲलर्जीवर कोणी उपचारच केलेला नसतो. आणि निरर्थकतेचं म्हणाल तर दोन मोठ्या चाचण्यांनी उत्तर दिलेलं आहे. नेदरलँड्समधल्या १८ रुग्णालयांत २०३ प्रौढांवर झालेल्या, २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण न झालेल्यांपेक्षा सरस ठरले. ब्रिटनमधल्या ३७८ रुग्णांच्या २०२३ च्या चाचणीत एका गटाला सेप्टोप्लास्टी, दुसऱ्याला सहा महिने स्टेरॉइड आणि मिठाच्या पाण्याचा फवारा दिला गेला. सहा महिन्यांनी २२ प्रश्नांच्या प्रश्नावलीत, जिच्यात गुण जितके कमी तितका त्रास कमी, पहिल्या गटाची सरासरी १९.९ आणि दुसऱ्याची ३९.५ होती. हा फरक किरकोळ नाही. या दोन्ही चाचण्या शस्त्रक्रिया करावी की नाही याच्या होत्या. दुर्बीण की उघडा डोळा, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. ब्रिटनच्या चाचणीत घेतलेल्या रुग्णांचे ‘नोज’ प्रश्नावलीतले गुण ३० किंवा त्याहून जास्त होते. ज्यांना खरोखर त्रास आहे अशांना निवडलं की ऑपरेशन फळतं, आणि निवड कशी करायची हेच आपल्याकडे कमी बोललं जातं.

चंडीगडमध्ये ही निवड आणखी काटेकोर हवी. हे झाडांचं शहर आहे. २०२२ मध्ये पीजीआय आणि पंजाब विद्यापीठाच्या संशोधकांनी या शहराची परागकणांची दिनदर्शिका तयार केली. वर्षात कोणत्या काळात हवेत कोणाचे परागकण जास्त असतात ते तिच्यात आहे. वसंत आणि शरद हे दोन ऋतू परागांचे. रस्त्याकडेला आपोआप वाढणारी भांग आणि गाजरगवतही हवेत भर टाकतात. मार्चमध्ये नाक चोंदलं, दुर्बिणीने पाहिलं, पडदा थोडा वाकडा दिसला, आणि ऑपरेशनची तारीख ठरली. यात कुठेतरी एक पायरी गळली. थोडाफार वाकडा पडदा बहुतेक सगळ्यांचाच असतो. चोंदणं ऋतूनुसार कमी-जास्त होतं का, बाजू बदलतं का, शिंका-खाज आहे का, काही आठवडे नियमित फवारा वापरून फरक पडला का, गाल बाजूला ओढल्यावर श्वास मोकळा होतो का, समोरचं टर्बिनेट फुगलेलं आहे का : हे विचारल्या-पाहिल्याशिवाय पडद्यावर आरोप ठेवणं म्हणजे जो समोर दिसला त्याला पकडणं. पडदा निर्दोष असेल तर त्याच्यावर कोणत्या तंत्राने शिक्षा बजावली याला अर्थ नाही.

या भागात आणखी एक वर्ग आहे. पश्चिम कमांडचं मुख्यालय शेजारी चंडीमंदिरला. पंजाब-हरियाणातली कितीतरी मुलं सैन्यात जाण्याची तयारी करतात, आणि वैद्यकीय तपासणीत कागदावर ‘डीएनएस’ (वाकडा पडदा) असा शेरा आला की घाईने ऑपरेशनकडे धावतात. त्रास काही नाही, मुदत मात्र जवळ आलेली. अशा मुलाला ‘सर्वांत नवं तंत्र’ विकणं सोपं असतं. त्याला खरं सांगायचं ते हे, की नाकाला आधार देणारी कूर्चा एकदा वाजवीपेक्षा जास्त काढली गेली तर ती परत मिळत नाही, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच नाकाने काढायचं आहे.

माझं म्हणणं इतकंच. दुर्बीण हे पाहण्याचं साधन आहे. चांगला सर्जन एकाच ऑपरेशनमध्ये पुढचा भाग उघड्या डोळ्यांनी करतो आणि मागचा दुर्बिणीने. तिथे दोन तंत्रांची लढत उरतच नाही. लढत आहे ती वेगळ्याच दोन गोष्टींत : आधी बाकाची जागा आणि त्रासाचं कारण ठरवून मग हत्यार उचलणारे, आणि आधी हत्यार ठरवून मग बाक शोधणारे.

म्हणून रुग्णाने तंत्राचं नाव विचारण्याऐवजी चार गोष्टी विचाराव्यात. माझा पडदा नेमका कुठे वाकला आहे, पुढे, मध्ये की मागे? माझ्या चोंदण्याला तोच कारण आहे हे कशावरून? आधाराची किती कूर्चा राखणार? पॅक घालणार असाल तर का? यांची उत्तरं स्पष्ट मिळाली तर सर्जनच्या हातात दुर्बीण आहे की नाही याची काळजी करू नये. आणि शिकवणाऱ्या रुग्णालयांनी, विशेषतः ज्यांच्याकडे शेजारच्या राज्यांचे रुग्ण येतात त्यांनी, एक काम करावं : पडद्याच्या बाकांचे प्रकार वेगळे करून, रुग्णाचे स्वतःचे गुण आधी आणि वर्षानंतर घेऊन, तुलना पुन्हा मांडावी. त्यात मागच्या काट्यासाठी दुर्बीण जिंकेल अशी माझी अपेक्षा आहे. पुढच्या कडेसाठी ती जिंकली तर मी माझं मत बदलीन. तोवर ‘सगळ्या नाकांना एकच तंत्र’ ही घोषणा दुकानाच्या पाटीवर शोभते. वैद्यकाच्या कागदावर ती येऊ नये.